बेटावर चालेल अशी ओटी

तळेगाव दाभाडे,
श्रावणातला शेवटचा शुक्रवार
(तारीख घालत नाही. तुमच्या जहाजाच्या हिशेबात पंधरवडा इकडेतिकडे चालतो, असं तूच सांगितलं होतंस.)

चिरंजीव इरावती हिला माधवमामाचे भरघोस आशीर्वाद, आणि अनसूयामामीचे त्याहून भरघोस (ती आतून ओरडून सांगते आहे, म्हणून आधी लिहून टाकतो).

इकडे सगळं ठीक आहे. माझा डावा गुडघा आणि तुझ्या मामीचा उजवा, असं मिळून आमच्या घरात एक माणूस धडधाकट चालतं. पाऊस हवा तेवढा झाला आणि नको तेवढाही झाला. लोणावळ्यात दर रविवारी माणसं धबधबे बघायला येतात आणि पुढच्या गाडीची पाठ बघून परत जातात. तुझी आई, म्हणजे आमची रतन, त्या गर्दीमुळे रविवारी घराबाहेर पडत नाही, दूधसुद्धा शनिवारीच घेऊन ठेवते. तुझी तब्येत कशी आहे? तिथे वारा फार, तेव्हा कानाला काहीतरी बांधत जा. खोकला झाला तर तिथे हळददूध मिळायचं नाही. तुझे ते पिवळ्या चोचीचे अल्बाट्रॉस आता समुद्रावरून घरट्यांकडे परतायला लागले असतील, त्या सगळ्या मंडळींना आमचा नमस्कार सांग. तुझ्या घरमालकीण डोरोथीबाईंनाही सांग.

फोनवर बोलणं होत असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. एक तर 'आपलं गणगोत' या आपल्या ग्रुपवर काहीही लिहिलं की आमच्या काकांची रुपाली त्यावर हात जोडलेलं चित्र टाकते, मग मजकूर साखरपुड्याचा असो की मूळव्याधीचा. दुसरं म्हणजे हे पत्र एका पुडक्यासोबत येतं आहे. आणि तिसरं, खरं कारण म्हणजे तुझ्या आईने मला हे लिहायला बसवलं आहे. आणखी एक वर्ष तिथे राहून पक्ष्यांचं काम करशील का, असं तुला विचारलंय हे तू फोनवर सांगितलंस, तेव्हापासून तिचा एकच धोशा आहे: दादा, तू शिक्षक होतास, तुझं अक्षर चांगलं आहे, तू तिला कडक शब्दांत लिही. तर घे. इरावती, परत ये. (लिहिलं. कडक आहे की नाही ते तू ठरव. जन्मभर भूगोल शिकवला, पण माझ्या कडक शब्दांना सातवी ब सुद्धा कधी घाबरली नाही.)

आता मोकळेपणाने लिहितो.

तू निघालीस तो दिवस तू विसरली नसशील. गाडी दारात, घाटात अडकायला नको म्हणून आकाश ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि मामीने ओटीचं ताट तयार केलेलं: खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड, सगळं. तिने ते ताट रतनपुढे केलं. आणि रतन काय म्हणाली? म्हणाली, लग्न होऊन सासरी जाईल तेव्हा भरीन, समुद्रात पक्षी मोजायला निघालेल्या मुलीची कसली ओटी! आणि तरातरा स्वयंपाकघरात गेली. मामी म्हणाली, मग मी भरते. तर तू म्हणालीस, आईला भरायची नसेल तर कुणीच नको. दोघी एकाच मापाच्या. मी मध्ये नारळ धरून उभा, कारण तो ताटातून घरंगळत होता आणि अशा प्रसंगी माझ्या वाट्याला नेहमी काहीतरी घरंगळणारंच येतं. तू तशीच रिकाम्या पदराने गेलीस (पदर कसला, जॅकेट होतं म्हणा), आणि त्या नारळाची मामीने दुसऱ्या दिवशी चटणी केली. ती कुणालाही गोड लागली नाही.

तेव्हापासून रतनचा त्या बेटांवर राग. एवढा मोठा समुद्र असताना ती पाण्याच्या वर आलीच कशाला, हा तिचा मूळ आक्षेप. तिने मला कामाला लावलं. तू भूगोलवाला, त्या बेटांत काय काय वाईट आहे ते शोधून काढ, म्हणजे इराला सांगता येईल. मी आनंदाने तयार झालो, कारण निवृत्त भूगोल शिक्षकाला कुणी काही शोधायला सांगत नाही, उलट त्याचाच चष्मा इतरांना शोधावा लागतो. आधी आमच्या शाळेत जाऊन जगाचा भिंतीवरचा मोठा नकाशा उघडायला लावला. दक्षिण अटलांटिकच्या त्या निळ्या पसाऱ्यात ट्रिस्टन द कून्हा सापडेचना. मग कळलं, की नकाशे पुसणारा आमचा शिपाई प्रदीप तिथला ठिपका माशीची घाण समजून दर जूनला नखाने खरवडत आला होता. एवढ्या वर्षांच्या इमानदार सेवेत त्याने तुमचं बेट ज्वालामुखीसकट साफ केलं होतं. म्हटलं, अरे, तिथे आमची इरा राहते. तो इतका ओशाळला, की बॉलपेनने त्याने तिथल्या तिथे नवीन बेट काढून दिलं. ते आता श्रीलंकेएवढं आहे.

मग वाचायला बसलो. सुरुवात एकटेपणापासून केली. केपटाउनहून जहाजाने आठवडाभर, विमान उतरायला जागा नाही, चार-पाच बेटांच्या पुंजक्यात वस्तीचं गाव एकच, त्यात माणसं अडीचशेच्या आत आणि आडनावं बोटांवर मोजण्याइतकी. हे मी रतनला शक्य तितक्या गंभीर चेहऱ्याने सांगत होतो. नेमकी तेव्हा आंदर मावळातली आपली सरुबाई तिथे बसलेली (तिच्या नवऱ्याच्या, मारुतीच्या, खाचरातला इंद्रायणी तांदूळ आपण वर्षानुवर्षं घेतो, तोच पोचवायला आली होती). ती म्हणाली, "म्हंजी आमच्या वाडीवानीच की! आमच्यात बी समदी एकाच आडनावाची, अन् येष्टी आली तर आली." रतन म्हणाली, अगं, तिथे वर्षातून मोजकीच जहाजं जातात. त्यावर सरुबाई म्हणाली, "जात्यात न्हवं? मग लय झालं." माझा पहिला मुद्दा तिथेच बसला तो उठला नाही.

म्हटलं, इतिहास काढू, इतिहासात वाईट हमखास असतं. पाचशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीज दर्यावर्दीने ही बेटं लांबून पाहिली, लाटांमुळे उतरता आलं नाही, पण नाव मात्र स्वतःचं देऊन गेला. (लोणावळ्याला येणाऱ्या पाहुण्यांचंही असंच आहे, धबधब्यापर्यंत पोचत नाहीत पण कठड्यावर नाव कोरून जातात.) पुढे इंग्रजांची तुकडी येऊन राहिली, ती परत गेली तेव्हा त्यातला एक जण बायकामुलांसह मागेच थांबला. मग फुटलेल्या जहाजांतली, भटकी अशी आणखी माणसं येऊन मिळाली, आणि त्यातली काही बिनलग्नाची. त्यांनी एका कप्तानाला गळ घातली, आणि त्या भल्या माणसाने सेंट हेलिना बेटावरून बायका जहाजात बसवून आणून दिल्या, पाच नवऱ्यांना पाच. हे मी सांगायला नको होतं. रतनचे डोळे असे चमकले की मी पुढचं पान मिटूनच टाकलं. तिला वाटलं, एवढी सोय दोनशे वर्षांपूर्वी होती तर आता काय नसेल! कप्तान उलट्या दिशेनेही स्थळं पोचवतात का, याची चौकशी करायला तिने मला सांगितलं. मी केली नाही. केली असं तिला सांगितलं आहे, तेव्हा फोनवर विषय निघाला तर सांभाळून घे.

माझा हुकमी एक्का ज्वालामुखी होता. तो मी राखून ठेवला होता. एकसष्ट साली गावाच्या अगदी बाजूला डोंगर फुटला, सगळ्यांना घरंदारं, बटाट्याची शेतं, गुरं सोडून बोटींतून पळावं लागलं, थेट इंग्लंडला नेलं. तिथे घरं मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, दिवे, दुकानं, सिनेमा. रतन विजयी मुद्रेने ऐकत होती. मग? म्हणाली. मी म्हटलं, मग दोनेक वर्षांनी त्यांनी आपसांत मतदान घेतलं आणि परत गेले. सगळे? जवळजवळ सगळे.  मग म्हणाली, बघ, माणसाला आपल्या जागेची ओढ असतेच, हेच इराला लिही. मी लगेच लिहायला घेतलं, तर तिनेच थांबवलं. म्हणाली, नको, राहू दे, आपली जागा कुठली ते जो तो ठरवतो, उगाच तिच्या हातात कोलीत कशाला द्यायचं. एक्का असा माझ्या हातातच राहिला.

एव्हाना माझी ख्याती लोणावळ्याच्या महिला मंडळापर्यंत गेली होती. अध्यक्ष कस्तुराबाईंनी 'दूरदेशीची बेटे' या विषयावर माझं व्याख्यान ठेवलं. मी जंगी तयारी केली. जगातला सगळ्यात लहान न उडणारा पक्षी तुमच्या शेजारच्या बेटावर राहतो, हे मूठ वळून दाखवलं. तू पाठवलेली तुऱ्यावाल्या पेंग्विनांची ओरड मोबाइलवरून ऐकवली, तेव्हा मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, अगदी आमच्या सोसायटीची मीटिंग. पण सभा जिंकली ती उंदरांनी. तुमच्याकडे वर्षातून एक दिवस सगळं गाव कुत्री घेऊन उंदीर मारायला निघतं आणि सगळ्यात लांब शेपटीला बक्षीस असतं, हे ऐकल्यावर बायकांनी असाच दिवस लोणावळ्यात पाळायचा ठराव तिथल्या तिथे मांडला. सूचक, अनुमोदक, सगळं झालं. शेपट्या मोजणार कोण यावर मात्र एकमत होईना. त्या गोंधळात कस्तुराबाई अगदी सहज, कौतुकाने म्हणाल्या, रतनताई, एवढ्या लांब निघाली लेक, ओटी मोठ्ठी भरली असेल ना? सगळ्या जणी रतनकडे बघायला लागल्या. रतनचा चेहरा उतरला. म्हणाली, भरायची आहे. पाठवणार आहे मी इथून.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने ती पिशवी घेऊन तळेगावात हजर. तिला म्हटलं, ओटी कधी कुणी पोस्टाने भरली आहे का? तर म्हणाली, मुलगी जहाजाने जाते तर ओटीला काय झालं. बरं, ओटी करायची तर नुसती कशी, उत्तम हवी. तांदूळ सरुबाईकडून मागवला. तिला काम कळल्यावर तिने साधा तांदूळ दिला नाही, पेरणीसाठी राखलेला भात दिला, तुसासकट, एकेक दाणा टपोरा. म्हणाली, "लेकीच्या वटीत जित्ता दाणा पायजे, ताई." सोबत कोंब फुटलेला नारळ (अतिशुभ), शेतातलं ओलं हळकुंड, खारका, बदाम. मामीने ते सगळं पांढऱ्या कापडात शिवलं. मी यादी केली आणि तू दिलेल्या पत्त्यावर, तुमच्या जहाजाचं सामान तपासणाऱ्या केपटाउनच्या जॅनेटबाईंना ईमेलने पाठवली.

त्यांचं उत्तर आलं. फार सभ्य बाई. यादीतल्या वस्तू उगवण्याजोग्या आहेत का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. इरा, तुला खरं सांगतो, मला राग आला. मावळचा भात, मारुतीच्या खाचरातला, आणि त्याची उगवण विचारतात? म्हटलं, दाखवूनच देतो. सरुबाईच्या पद्धतीने मूठभर भात ओल्या फडक्यात बांधून, वर पाटा ठेवून, रोज पाणी शिंपडून मी त्याला मोड आणले. एकही दाणा फुकट गेला नाही म्हटलं तरी चालेल. हळकुंडालाही कुंडीत हिरवा डोळा फुटला. मग मी उजेडात फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून, आणि कळवलं, की बाईसाहेब, आपण निश्चिंत असावे, प्रत्येक वस्तू खात्रीने उगवते, नारळ तर निघण्याआधीच उगवू लागलेला आहे, आणि आपल्या बेटावरचा पाऊस पाहता तिथे याहूनही जोमाने येईल.

चार दिवस काही उत्तर नाही. मला वाटलं, बाई वरमल्या.

मग लांबलचक ईमेल आली. त्यात रागाचा शब्द नव्हता, हेच वाईट. तुमच्या बेटांवर आजवर जे काही चुकून आलं त्याची हकिगत त्यांनी मला समजावून लिहिली होती. एक जहाज फुटलं आणि उंदीर पोहत किनाऱ्याला लागले, ते अजून गेलेले नाहीत. तुमच्याच पुंजक्यातल्या गॉफ बेटावर माणसांच्या सामानातून गेलेले चिमुकले घरउंदीर आता इतके माजलेत, की अल्बाट्रॉसची पिल्लं घरट्यात बसल्या जागी जिवंत कुरतडतात, आणि ती पिल्लं हलत नाहीत, कारण जमिनीवरून कुणी खायला येईल हे त्यांच्या शंभर पिढ्यांना ठाऊकच नाही. बुटाच्या तळाला चिकटलेलं एक बी एखाद्या डोंगराचा रंग बदलू शकतं. आणि शेवटी लिहिलं होतं, आपण उगवण इतक्या बारकाईने तपासलीत याबद्दल आभार, आमचं काम सोपं झालं, यातली कुठलीही वस्तू नेता येणार नाही. (ज्या इरावतीने माझ्या पायातल्या चपला घासून पुसून मगच पवनेच्या काठावर उतरू दिलं होतं, तिचा मी मामा. ही हकिगत तुझ्या ऑफिसात सांगू नकोस.)

मी ते रतनला मराठीत वाचून दाखवलं. पिल्लांचं आलं तेव्हा ती म्हणाली, दादा, पुरे. मग म्हणाली, ती बाई बरोबर बोलते आहे. पण ओटी भरतात ती उगवावं म्हणूनच ना रे? भाजून पाठवू म्हटलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी स्वतःच भाजलो गेलो. जॅनेटबाईंनी नारळाऐवजी सुक्या खोबऱ्याचा कीस चालेल असं सुचवलं होतं. त्यावर रतन म्हणाली, मी लेकीची ओटी भरते आहे की करंजी? असे दोन दिवस गेले. ती खिडकीत बसून तू पाठवलेला तो एकच फोटो परत परत बघायची, डोरोथीबाईंबरोबरचा.

तिथे तिला लोकर सुचली. तुला माहीतच आहे, तुमच्या घरात क्रोशाचं आवरण नसलेली वस्तू म्हणजे फक्त गॅसची शेगडी. बेटावरच्या मुली पूर्वी आपल्या मनातल्या मुलाला मोजे विणून द्यायच्या आणि प्रेम जितकं जास्त तितके पट्टे जास्त, हे माझ्या व्याख्यानातलं एकच वाक्य तिने लक्षात ठेवलं होतं. म्हणाली, त्यांचं मोज्यात मावतं तर माझं नारळात का नाही मावणार. आणि इरा, तिने नारळ विणला. तपकिरी, शेंडीसकट, तीन डोळ्यांचा. शेंडी नीट उभी राहिना म्हणून दोनदा उसवला. पिवळ्या लोकरीचं हळकुंड, तांबूस सुपारी, बदाम, खारका. तांदळाच्या जागी काचेचे पांढरे मणी. खण तर खणच आहे, नवा कोरा, इरकली. मी प्रत्येक वस्तूचा फोटो जॅनेटबाईंना पाठवला आणि या वेळी स्वतःहून कळवलं, की यातलं काहीही उगवणार नाही. त्यांनी लिहिलं, इतकी वर्षं सामान तपासते आहे, पण लोकरीचा नारळ पहिल्यांदाच पास करते आहे, आणि तो कशासाठी असतो ते मला सांगाल का? मी सविस्तर सांगितलं. त्यांनी उत्तरात फक्त आपल्या मुलीचं नाव लिहिलं, ती ऑस्ट्रेलियात असते म्हणे.

एक गोष्ट मात्र मला कळली नाही. या सगळ्या विणकामात रतन अधूनमधून एकच विचारायची: त्या डोरोथीबाईंचा नवरा असतो का रे घरी? मी सांगितलं, तो वारला, फार वर्षं झाली, इरानेच कळवलं होतं. दोन टाके झाले की पुन्हा, मग त्यांच्या मुलीच्या लग्नात सगळं पुढे होऊन कुणी केलं? मी म्हटलं, त्यांनीच केलं असेल, तिथे दुसरं कोण करणार. त्यावर हूं, आणि पुन्हा सुई. मला वाटलं, कप्तानाचं काही जमत नाही म्हणून आता तिने स्थळांचा मोर्चा वयस्करांकडे वळवला की काय. दुसऱ्यांच्या नवऱ्यांची इतकी चौकशी बरी नव्हे, असं मी मोठा भाऊ या नात्याने तिला बोललोसुद्धा. ती टाके मोजत राहिली.

तर असं हे पुडकं. सांभाळून उघड, मणी सांडले तर तुझे पक्षी गिळतील आणि जॅनेटबाई मला उभं करतील. बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, पेंग्विनांना जे योग्य असेल ते.

तुझा,
माधवमामा

ता. क. वर मी 'परत ये' असं कडक शब्दांत लिहिलं आहे, ते रतनने आत्ता वाचलं आणि म्हणाली, खोड. शाईने लिहिलं आहे, खोडलं तर अक्षर बिघडेल. तेव्हा तू ते वाचलं नाहीस असं समज.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवलं होतं, फोडून लिहितो आहे. आज सकाळी पुडकं बांधायला घेतलं. मामीने खण पसरला, लोकरीचा नारळ ठेवला आणि सवयीने मण्यांची वाटी स्वतः उचलली. तर रतन म्हणाली, "दादा, मी भरली तर चालेल का रे?" मी म्हटलं, अगं, तूच तर भरायची. ती म्हणाली, नाही, म्हणजे इराचे बाबा गेल्यापासून मी कुणाची भरलेली नाही. मामीच्या हातातली वाटी तशीच राहिली. इरा, त्या दिवशी ती तुझ्यावर रागावून आत गेली नव्हती. ताट पुढे आलं आणि तिचा हातच पुढे होईना. लेक समुद्रावर निघालेली, आणि माझ्या हातून भरून तिला काही झालं तर? हे बोलायचं कसं, म्हणून तोंडाला येईल ते बोलली. आम्ही दोघं तिथेच उभे होतो, मी तर नारळ धरून, आणि एवढी साधी गोष्ट आमच्या डोक्यात आली नाही. मामी तिच्यावर फार चिडली, मग रडली, मग चहा केला. चहा पिताना रतनने तो फोटो पुढे केला. तू बेटावर उतरलीस त्या दिवशीचा. डोरोथीबाईंनी आपल्या वाफ्यातले बटाटे तुझ्या जॅकेटच्या ओच्यात भरभरून ओतलेत, वर लोकरीचा गुंडा ठेवलाय, आणि दोघी हसताय. रतन म्हणाली, या बाईने भरलीच की, आणि हिला काय झालं? चांगली गुबगुबीत झाली आहे. मग तिने वाटी मामीच्या हातून घेतली.

ता. क. तिसरं. (इथून पुढचं अक्षर माझं नाही, ओळखशीलच.) इरा, मी आई. दादाने जागा फार थोडी ठेवली आहे. खण जॅकेटवरून घेतलास तरी चालेल, पण घे. डोरोथीबाईंना माझा नमस्कार सांग आणि नारळाचे डोळे कुठले ते दाखव. आणखी एक वर्ष काम आहे तर पुरतं करून ये, अर्धवट टाकून येऊ नकोस, पिल्लांकडे बघायला माणूस पाहिजे. दादाने मोड आणलेला भात फेकायचा नाही म्हणून सरुबाई तेव्हाच घेऊन गेली होती. तिने तो खाचराच्या कडेला लावला, आता कमरेएवढा झाला आहे. त्याचं बी ती धरून ठेवणार आहे. तू येशील तेव्हा तोच तांदूळ घेऊन दारात मी उभी असेन. नारळ मात्र दादाच्या हातात देणार नाही.